खोडव्याचा विटाळ

ऊस जळून विझला तेव्हा माझी बायको सापडली. मी कारखान्यावर गाडी रिकामी करून परतलो, तर तोडणीची टोळी बांधावर उभी. दोघांनी मला धरलं. हात सोडवून आत गेलो. चेहरा ओळखू येत नव्हता. पुढचा तुटका दात तेवढा तिचा होता.

सकाळी तिला पाळी आली होती. त्या दिवसांत बाईने ऊस तोडला तर जमिनीत राहिलेल्या बुडख्याला फूट येत नाही, त्या फुटीतून येणारा पुढच्या वर्षीचा ऊस, खोडवा, जातो, असं आमच्यात मानतात. म्हणून बाई उभ्या उसात एकटी बसते. मी निघालो तेव्हा ती म्हणाली होती, “तुमच्या आईंना विचारा, ऊस काय माझी तारीख बघून फुटतो?” अंगात ताप होता तिच्या. तिथेच डोळा लागला असणार.

दुपारी उसाची वाळलेली पानं, पाचट, जाळायला टोळीच्या मुकादमाने फड चारी बाजूंनी पेटवला. आधी ओरडून विचारलं, “सगळे बाहेर?”

“सगळे,” माझी आई म्हणाली.

मी तिला जाब विचारला. ती मान खाली घालून म्हणाली, “त्या दिवसांतल्या बाईला मोजत नाहीत रे.”

मी मुकादमाला सरीत पाडला आणि तोंडावर मारत राहिलो. नाक फुटलं त्याचं. खालून ओरडत होता, “तुझ्या आईला विचार! मला काय स्वप्न पडतंय?” चौघांनी मला ओढून काढलं.

पुढच्या महिन्यात आमच्या मुलीला पाळी आली.

“ऊठ, उसात जाऊन बस,” आई म्हणाली.

“नाही बसणार, आजी.”

“खोडवा जाईल, भवाने!”

“आगीने नाही गेला, तो माझ्याने जाईल?”

पोरीने कोयता घेतला, वाकून ऊस जमिनीलगत तोडला. फूट मातीखालच्या डोळ्यातून येते, म्हणून वर खुंट ठेवायचा नसतो. आईने हातातला ऊस तिच्या पाठीत घातला. पोर पडली, उठली, दुसरा तोडला. पुन्हा मार बसला.

“हाण आजी, माजलीय ती,” मुकादम म्हणाला.

मी ऊस हिसकावून गुडघ्यावर मोडला. मुकादम पोरीकडे सरकला. मी कोयता घेऊन मध्ये उभा राहिलो.

“लाव हात तिला.”

त्याने लावला नाही.

पोरीने तोडलेल्या सरीला इतर सरींसारखीच फूट आली आहे. आई ती बघायला येत नाही. आमच्या टोळीतली कोणी बाई आता उसात बसत नाही. ओढ्यापलीकडच्या टोळीत अजून बसतात. तिकडे जाऊन सांगायचं राहिलं आहे.