प्रसेनजितच्या बासच्या तारा

आपल्या घरात दोन सुना आहेत, असं मेडशीची लिलाबाई स्वतःच सांगायची. एक सपना, हाडामांसाची. दुसरी लाकडाची, माणसापेक्षा उंच, चार जाड तारांची, पोरानं, प्रसेनजितनं, पुण्याहून टेम्पोत घालून आणलेली. "एक ऐकत नाही अन् दुसरी बोलल्याबिगर राहत नाही," असं म्हणत ती आल्यागेल्याला चहा द्यायची.

दुसरीचं नाव डबल बास. गावानं आधी तिला कपाट म्हणून पाहिलं, भोपळा म्हणून पाहिलं. पण प्रसेनजितनं जयंतीच्या मंडपात तिला उभी केली, बोटांनी तार ओढली, आणि पहिल्याच भीमगीताला लोकांच्या पोटात घुमलं, तेव्हा सगळी तोंडं बंद झाली. बाकीच्या गाण्याच्या पार्ट्यांचा खर्ज कीबोर्डचं बटन दाबून यायचा. प्रसेनजित ज्या पार्टीत वाजवायचा, त्या नवीनच्या पार्टीचा जमिनीतून यायचा.

मागच्या पावसाळ्यात प्रसेनजितला कावीळ झाली आणि तो गेला. बास समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात राहिली, लिलाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. रोज सकाळी ती लुगडं सोडायची, धूळ पुसायची, पुन्हा गुंडाळायची. तारांना मात्र हात लावायची नाही. त्याची बोटं जिथं पडायची तिथं तारा घामानं काळ्या पडल्या होत्या. ते काळं पुसलं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि आता नवीनचा फोन आला. पार्टी त्याची. लग्नाआधीपासून प्रसेनजितचा जोडीदार.

"काकू, औंदाच्या जयंतीले बास वहिनी वाजवतीन. प्रसेनजितनंच शिकवलं हाय तिले."

बाबासाहेबांच्या जयंतीत बाईनं मंचावर उभं राहू नये, असं म्हणायला लिलाबाईची जीभ काही वळेना. तिनं दुसरीकडून धरलं. "वाजवू दे. पन तारा त्याच राह्यतीन."

"तारा मेल्या, काकू. आता वाजत नाहीत त्या. अन् तुमच्या माघारी वाजवून वहिनीच्या बोटाले फोड आले, तुमी पाह्यले नाही काय? प्रसेनजितचा हात म्हंजे फावडं होतं. तारा टणक, वरून उंच चढवलेल्या. वहिनीले नरम तारा लागतीन, अन् घोडी घासून खाली घ्या लागन."

घोडी म्हणजे तारांना बासच्या पोटावर उचलून धरणारी लाकडाची कमान.

"घासली तं परत वाढते काय ते?"

"नाही वाढत."

"मंग माह्या पोराच्या मापाची राह्यनार नाही."

"नाही राह्यनार, काकू. रविवारी येतो."

शनिवारी सपना हरभरा सोंगायला गेली. लिलाबाई दार लोटून बासपुढं बसली. उद्या तो येईल, तारा तोडून पिशवीत कोंबेल, त्याला काय त्याचं. त्याच्याआधी आपणच काढाव्या आणि पोराच्या शर्टासोबत ठेवाव्या, असं तिनं ठरवलं. यात शिकण्यासारखं काय आहे? जन्मभर झोपायच्या बाजा उसवल्या तिनं. बाज उसवायची म्हणजे आधी सगळी दोरी सैल करायची, मग ओढायची. तिनं तसंच केलं. वरच्या किल्ल्या पिरगाळत चारी तारा सोडत गेली.

शेवटची तार लोंबली आणि घोडी फटकन आडवी झाली. पाठोपाठ बासच्या पोटात काहीतरी पडलं. लिलाबाईनं भीतभीत तिला हलवलं. आत खडखड झालं.

पोराची ही एक वस्तू घरात धड होती.

संध्याकाळी सपना आली तेव्हा बास लुगड्यात नीट गुंडाळलेली होती आणि लिलाबाई भाकरीला पीठ मळत होती, नेहमीपेक्षा जोरात. सपनानं लुगड्याची गाठ पाहिली, सासूकडं पाहिलं, आणि हातपाय धुवायला गेली.

रविवारी नवीननं लुगडं सोडलं आणि कपाळाला हात लावला.

"कोनं सोडल्या चारी तारा?"

"उंदरानं," लिलाबाई म्हणाली.

"उंदरानं किल्ल्या पिरगाळल्या?"

"मेडशीचे उंदीर हायेत, बापा. तुह्या अकोल्याच्या उंदरावानी येडे नाहीत."

"म्या सोडल्या, भाऊजी," सपना म्हणाली. "साफ करासाठी."

सुनेनं आपल्यासाठी खोटं बोलावं, हे लिलाबाईला झोंबलं. "गप वो! तू कायले आंगावर घेतं? म्या सोडल्या. माह्या पोराच्या तारा, माह्या घरात. कोनाले पुसाचं होतं मले?"

नवीन हसला नाही. तो खाली बसला आणि बासच्या अंगावरच्या फटीतून मोबाईलचा उजेड आत टाकून पाहू लागला. "काकू, हिच्या पोटात एक दांडी राह्यते. ना खिळा, ना डिंक. तारा ताणल्या का त्याच्या दाबानं उभी राह्यते. म्हनून एक तार काढाची, तिच्या जागी नवी लावाची, मंग दुसरी. चारी संगच सोडल्या का दांडी पडते."

"मंग उभी कर ना."

"करतो. पन तेची जागा प्रसेनजितनं सरकवून सरकवून बसवली होती. केसभर हलली तरी आवाज बदलते. ते जागा त्यालेच माहीत."

लिलाबाई काळे डाग वाचवायला गेली आणि आवाज घालवून बसली.

नवीननं वाकडी सळई आत घालून दांडी उभी केली. पडली. पुन्हा केली. मग दोन पाकिटं काढून चटईवर ठेवली. एकात जुन्यासारख्याच पोलादी, टणक तारा. दुसऱ्यात नरम, आत दोरीचा गाभा आणि वरून धातूची पातळ पट्टी गुंडाळलेल्या. सपना सासूकडं पाहत राहिली.

"माह्याकडं काय पाह्यतं? तुह्या बोटाले इचार."

सपनानं दोन्ही चाचपल्या. नरम पाकीट उचललं, आणि चोरी केल्यासारखं छातीशी धरलं.

घोडी लिलाबाईच्या हातात होती. वरच्या कडेला चार खाचा, पोराच्या तारांनी खोल केलेल्या. तिनं त्यातून अंगठा फिरवला आणि ती नवीनपुढं टाकली.

"घास. तिच्या हाताच्या मापाची कर. अर्धवट नको करू, नाहीतर जलमभर मलेच बोल लावन."

कानशीखाली लाकडाचा भुसा पडत गेला. सपना झाडू घ्यायला उठली.

"राहू दे तो भुसा," लिलाबाई म्हणाली.

मग तारा चढल्या. ताण वाढला की घोडी पुढं झुकायची, नवीन तिला दोन्ही हातांनी मागं ओढून सरळ करायचा. जुन्या तारांचं वेटोळं त्यानं लिलाबाईच्या मांडीवर ठेवलं. हवं होतं ते तिच्या मांडीवर होतं. काळं अजून तिथंच होतं.

सपनानं बास खांद्याला टेकवली आणि खर्जाची तार ओढली. आवाज आला. वाईट नव्हता. मऊ होता, गोल होता, कुण्या दुसऱ्याच घरातून आल्यासारखा. लिलाबाई मान खाली घालून ऐकत राहिली. पोराचा आवाज पुढच्या तारेत येईल, त्याच्या पुढच्या तारेत येईल, असं करत चारी तारा संपल्या.

सपनाची बोटं थांबली. "आत्याबाई, त्यायच्यावानी नाही येत."

"येईन कुठून?" लिलाबाई म्हणाली. "मेला ना तो, माय."

नवीन कानस पुसत दाराबाहेर गेला. सपना बासच्या मानेला धरून रडू लागली. लिलाबाईनं तिला रडू दिलं. मग मांडीवरचं वेटोळं बाजूला ठेवून उठली, सपनाचा उजवा हात धरून तारेवर ठेवला.

"वाजव. अन् जोरानं वाजव, खालच्या गल्लीत ऐकू गेलं पायजे."