मी दुधाची नव्हते

मी दाढ बोलतेय. खालच्या जबड्यातली, उजवीकडची, सगळ्यात मागची. सध्या मुक्काम दातांच्या दवाखान्यात, स्टीलच्या ट्रेमध्ये. रडगाणं गाणार नाही, झालं ते सांगते.

बबडी सहा वर्षांची असताना मी आले. तिचा पुढचा दात पडला तेव्हा घरात केवढं कौतुक! आत्यानं फोटो काढले, शेजारपाजारी दाखवून झाले. माझ्यासाठी मात्र कुणाला पडावं लागलं नाही. दुधाच्या दाढांमागे जागा रिकामीच होती, तिथे गुपचूप येऊन बसले. कुणाला पत्ताच नाही.

बबडी दात घासायची, नाही असं नाही; पण आरशात दिसतात तेवढेच. पुढचे चार चकाचक केले, चूळ भरली, की पळाली. बाबा घरं रंगवतात. सकाळी शिडी उचलता उचलता ते दारातूनच विचारायचे, "घासलेस का गं?"

"हो!"

विषय संपला. झोपताना खाल्लेली बिस्किटं मात्र माझ्या खाचांत सकाळपर्यंत ठाण मांडून असायची.

वर्षभरात मला काळा ठिपका पडला. बबडीनं आ करून दाखवला. आत्या डोकावली.

"दुधाची दाढ आहे, पडायचीच आहे. उगाच कशाला डॉक्टर?"

बाबांनीही मान डोलावली. दोघांचा बबडीवर जीव आहे, त्यात काही खोट नाही. पण मी दुधाची नव्हते हो! जन्मभरासाठी आले होते. तोंडात राहून हे सांगायला मला तोंड नव्हतं.

ठिपक्याचा खड्डा झाला. बबडीला नऊ वर्षं पूर्ण झाली आणि तिचा गाल सुजला. दोन दिवस पोरीला घास गिळवेना. मग औषधं झाली, सूज उतरली, आणि आज बाबा तिला घेऊन इथे आले.

"फार पोखरलीय. काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढी भक्कम मुळं, आणि तीन वर्षांत गाशा गुंडाळायचा.

मला काढलं तेव्हा बाबांनी बबडीचा हात घट्ट धरला होता. "झालं हं बाळा," म्हणाले. मग बाईंना विचारलं, "आता नवीन कधी येईल?"

"नाही येणार. ही कायमचीच होती."

बाबा ट्रेवर वाकून मला बघायला लागले.

"अशा अजून तीन आहेत," बाई म्हणाल्या. "रोज दोन्ही वेळा तुम्ही स्वतः घासून द्या. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको." त्यांनी प्लॅस्टरचा जबडा आणि ब्रश पुढे केला. "करून दाखवा बघू."

बाबांनी ब्रश थेट मागे नेला. "भिंत रंगवतानाही आम्ही कोपरे आधी करतो," ते पुटपुटले. "मधलं कुणीही करतं."

तुमच्या घरात सहा वर्षांचं पोर असेल, तर आजच बॅटरी घेऊन पार मागपर्यंत बघा. न सांगता कुणी आलेलं असेल.

बाई ट्रे उचलतायत. येते मी. बाबा अजून त्या प्लॅस्टरच्या दाढा घासतायत. खालची उजवीकडचीसुद्धा.