अठ्ठेचाळीस की चोवीस

शेवटच्या रांगेतल्या झांजा मोठ्या ढोलापेक्षा आठ फ्रेम उशिरा वाजत होत्या. निलोफरने मोबाईलवरचं चित्रण पुन्हा मागे नेऊन मोजलं. सेकंदाला एकशेवीस फ्रेम, त्यातल्या आठ. पहिल्या रांगेतल्या ढोलापासून बाराव्या रांगेपर्यंत अंतर बावीस मीटर. आवाजाला ते कापायला लागतो तेवढाच हा उशीर. म्हणजे मुलं चुकत नव्हती. ढोल ऐकू आला की ती वाजवत होती. तो त्यांच्यापर्यंत उशिरा पोचत होता. आणि त्यांच्या झांजेला समोरच्या परीक्षकांपर्यंत तेवढंच अंतर परत कापावं लागत होतं. उशीर दुप्पट.

विंझरच्या या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि बँड पथकही सांभाळायची. गेल्या वर्षी भोरच्या स्पर्धेत पथक सहावं आलं होतं. ‘ताल विस्कळीत,’ असा शेरा होता.

“मॅडम, साधं गणित आहे,” मुख्याध्यापक आनंदराव सर म्हणाले. “सारोळ्याची चोवीस मुलं, पहिला नंबर. आपली अठ्ठेचाळीस, सहावा. मागच्या सहा रांगा काढून टाका. चार वाजता यादी भोरला गेली पाहिजे.”

“एका निकालावरून, सर? सात वर्षांचे निकाल आहेत माझ्याकडे. सोळा मुलांचं पथकही पहिलं आलंय, साठांचंही. आकड्यावर काही ठरत नाही.”

“मग कशावर ठरतं?”

उत्तर तिला वर्षभर माहीत होतं. ती म्हणाली, “मैदानावर जाऊन येते.”

सर छत्री उचलून तिच्या मागोमाग निघाले.

मैदानावर बातमी आधीच पोचली होती. मागच्या रांगांतल्या मुलींनी झांजा मांडीवर ठेवल्या होत्या. चिमाजीतात्या मात्र तावातावाने बोलत होते. सत्तरी ओलांडलेले तात्या पथकाला ठेका शिकवायचे, आणि निलोफरलाही तो त्यांनीच शिकवला होता, तिची बोटं पाटीवर आपटून.

“या बाई. निम्मी पोरं घरी धाडणार म्हनं सर? मग पेपरातबी निम्मी गणितं घाला म्हनावं. समदी पास!”

पोरं फिसकन हसली. सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

“तात्या, मागची रांग उशिरा वाजते,” निलोफर म्हणाली.

“वाजंल कशी उशिरा? म्होरं ढोल हाय की. म्होरल्याच्या मागं मागला चालतो. आमच्या घरचा ढोल देवाच्या पालखीम्होरं चालतोय, माझ्या आज्यापासनं. तवापासनं कुनी उशिरा आल्यालं न्हाई.”

पालखीमागे माणसं चालतात, वाजवत नाहीत, हे तिच्या ओठांवर आलं होतं. गेल्या वर्षीही आलं होतं. पथकाचा ढोल पहिल्या रांगेत लावला तो तात्यांनीच, पालखीच्या रीतीने, आणि आता तो त्यांच्या नातीच्या, सोनियाच्या, गळ्यात होता. गावात ते सांगत फिरायचे, ढोल म्होरंच हाय आमचा अजून.

गेल्या शनिवारी तात्या पासलीला लग्नाला गेले होते. त्या दिवशी निलोफरने सोनियाला बाराव्या रांगेच्या मागे उभं केलं होतं. ठोका मागून सुटला आणि रांगा ओलांडत पुढे निघाला. ज्या रांगेपाशी पोचला ती त्याच्यासोबत वाजली, आणि सगळ्यांचा आवाज एकत्र येऊन समोर ठेवलेल्या मोबाईलवर आदळला. झांजा आणि ढोल यांत फरक शून्य. अठ्ठेचाळीस मुलं एका माणसासारखी वाजली होती. मग तिने सोनियाला परत पुढे उभं केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. सोनियानेही घरी सांगितलं नव्हतं.

आता सोनिया तिच्याकडेच बघत होती.

“मॅडम,” सर घड्याळ पाहत म्हणाले, “साडेतीन. चोवीस नावं सांगा.”

“मला इचाराल तर मी अठ्ठेचाळीसच सांगीन,” तात्या म्हणाले. “पर बाईंना इचारा. त्या मोजून बोलत्यात.”

शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने झांजा पिशवीत घालायला सुरुवात केली. निलोफरने ते पाहिलं. तिने मोजमाप चार वेळा तपासलं होतं, त्यात तपासायचं काही उरलं नव्हतं. राहिलं होतं ते फक्त तात्यांच्या तोंडावर सांगणं.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तात्या, तुमच्या ठेक्यात खोट नाही, पोरांच्या हातातही नाही. जागा चुकलीय, आणि मला ती वर्षभर माहीत होती. मी तुमच्याकडे बघून गप्प बसले.” मग ती सरांकडे वळली, पण आवाज मागच्या रांगेला जाईल इतका उंच ठेवला. “यादीत अठ्ठेचाळीस नावं लिहा, सर. ढोल सगळ्यांच्या मागे जाणार.”