जिचं नाव घ्यायचं नाही

"श्वास धर, आत्या."

ओफेलियानं श्वास धरला. ग्रासिएलानं काळ्या झग्याच्या दोन्ही कडा ओढल्या, पण वरचा हूक काही लागेना. शेवटी तिनं दातांतली टाचणी काढून तिथं खुपसली आणि वरून शाल टाकली. सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यांमध्ये दोघींना उभं राहण्यापुरतीच जागा होती. दाराबाहेर क्लबाच्या वर्धापनदिनाचं जेवण चाललं होतं. काटेचमचे वाजत होते, कुणीतरी चीज मागत होतं.

"भीती वाटतेय का गं?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"राविओलीचं एक ताट झाकून ठेवायला सांग. नंतर उरणार नाही."

ग्रासिएला वैतागली. महिनाभर ती या दिवसासाठी झटत होती आणि आत्याला ताटाची पडली होती.

ही ओफेलिया बार्सांती एके काळी आमच्या बोएदो वस्तीचा अभिमान होती. पुरुषी सूट आणि तिरकी टोपी घालून ती उभी राहायची, कारण टँगोची गाणी बहुतेक पुरुषांसाठीच लिहिलेली. बाई सोडून गेली, मित्रानं दगा दिला, आता दारू आणि मी. बायका ही गाणी गात तेव्हा एक शब्द बदलत नसत. ती 'मी हरलो' म्हणायची आणि पुढच्या रांगेतले खाटीक रुमाल काढायचे. आवाजच तसा होता, जाडसर, रात्रभर जागल्यासारखा.

मग एका थिएटरात, ऐन ध्रुवपदावर, छताचा दिवा सुटून व्हायोलिनवाल्याच्या पायावर पडला. पुढच्याच आठवड्यात ती गायची त्या कॅफेला आग लागली. एक पियानोवाला हसत म्हणाला, "ही बाई पांढऱ्या पायाची दिसते." झालं. पियानोवाला विसरूनही गेला असेल, पण शहर विसरलं नाही. आमच्या ब्वेनोस आयरेसमध्ये हे एकदा चिकटलं की साबणानं निघत नाही. अशा माणसाचं नाव घ्यायचं नाही. चुकून कुणी घेतलंच तर बाईनं हात डाव्या छातीला लावायचा, पुरुषानं खिशात घालून जिथं न्यायचा तिथं न्यायचा. हसू नका, चांगले शिकलेसवरलेले डॉक्टरही लावतात.

पोस्टरवरून तिचं नाव गेलं. रेडिओवरून तबकड्या गेल्या. लग्न ठरलं होतं; मुलाच्या आईनं सुनेचं पूर्ण नाव विचारलं, ऐकलं, छातीला हात लावला आणि पुन्हा त्या घराचं दार उघडलं नाही. ओफेलिया शिवणकाम करू लागली. अमिल्कार नावाचा एक बांदोनिऑनवाला, मांडीवर ठेवून वाजवायच्या त्या भात्याच्या पेटीत मुरलेला, तेवढा तिला कधीमधी बोलवायचा. पण मागच्या कोरसमध्ये उभं राहायला, दुसरीच्या नावाखाली. तो तिला 'बाई' म्हणायचा. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

सुरुवातीला ओफेलिया रोज सकाळी मशीनपुढं बसली की स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणायची. एकदाच. मग तेही सुटलं. कधी सुटलं ते तिला आठवत नव्हतं.

आजच्या गाण्यासाठी ग्रासिएलानं क्लबाला एकच अट घातली होती. माइकवरून पूर्ण नाव घ्यायचं. नाव नाही तर गाणं नाही.

दार ढकलून निवेदक गास्तोन आत आला. कोवळा पोरगा, गळ्यात नवाकोरा टाय. त्याच्यामागं पेटी कवटाळून अमिल्कार, ऐंशीच्या घरातला, धापा टाकत.

"तू नुसतं म्हण, 'आपल्या वस्तीचा एक आवाज'," अमिल्कार त्याला समजावत होता. "छान वाटतं ऐकायला."

"अहो अमिल्कारकाका, पण ताईंनी सांगितलंय—"

"ताईंना काय कळतंय! मंगळवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"त्याचा काय संबंध?"

अमिल्कारनं ओफेलियाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "बाई, तू रागावू नकोस. माझ्या मनात काही नाही. पण डोळा माझा आहे ना."

"लाज नाही वाटत?" ग्रासिएला उसळली. "हिच्या हातचं खाल्लंत, हिनं तुमच्या सदऱ्यांच्या कॉलर उलटून दिल्या!"

"म्हणून तर मी वाजवायला आलो, पोरी! दुसरा कोण आला सांग?"

गास्तोन आळीपाळीनं तिघांकडं बघत राहिला. "मला कुणी सांगेल का, नाव घेतलं तर काय होतं?"

शेवटी ओफेलियानंच सांगितलं, किराणा सांगावा तसं. दिवा, आग, हात कुठं लावायचा ते. पोरगा आधी हसला, मग म्हातारीचा चेहरा बघून टाय सारखा करू लागला.

"असलं काही कुणी मानतं का आता?" तो म्हणाला. "बाई, तुम्ही सांगा. घेऊ की नको?"

ग्रासिएलानं आत्याचा दंड धरला. ओफेलियानं आत कुठं काही हलतंय का म्हणून वाट पाहिली. काही हललं नाही.

"घे," ती म्हणाली. "भाचीची हौस आहे."

अमिल्कार आधी जाऊन बसला. पेटी मांडीवर घेऊन त्यानं दोन्ही हात पट्ट्यांत अडकवले. ओफेलिया पडद्याच्या फटीशी उभी राहिली. तिथून सगळी टेबलं दिसत होती. तिनं तोंडं पाहिली नाहीत, हात पाहिले. तिला तीच सवय होती.

"मंडळी," गास्तोन माइकवर ओरडला, "आपल्या बोएदोच्या, ओफेलिया बार्सांती!"

हात होते तिथंच राहिले. कुणाचा पावावर, कुणाचा ग्लासावर, एका बाईचा बाळाच्या पाठीवर. बाळाची ढेकर निघेपर्यंत तो थोपटत राहिला.

"कोण रे ही?" जवळच्या टेबलावर एकानं विचारलं.

"असेल कुणाची तरी आजी. चीज सरकव इकडं."

ग्रासिएला हमसून रडायला लागली. "बघितलंस, आत्या? एकानंही लावला नाही! संपलं ते, संपलं!"

ओफेलियाला वाटलं होतं, या क्षणी आपणही रडू. पूर्वी मशीनपुढं बसून तिनं ते रडणंसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आता तिला पाठीत टोचणारी टाचणी तेवढी कळत होती. भिणारी माणसं गेली होती आणि तिला ओळखणारीही तीच होती.

ती पडद्याबाहेर आली. अमिल्कारनं वर पाहिलं. त्याचा डावा हात पट्ट्यातून अर्धा निसटला होता. तो तसाच थांबला; मग म्हाताऱ्यानं ओठ आवळले आणि हात पुन्हा आत सारला.

"ये, ओफेलिया," तो हळूच म्हणाला.

तिचं नाव त्याच्या आवाजात कसं लागतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती माइकपाशी पोचली आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला, डाव्या छातीवर जाऊन घट्ट बसला.

लोकांना वाटलं, बाई आभार मानतायत. सबंध सभागृहानं टाळ्या वाजवल्या, मागचे काही जण उभे राहिले. एकट्या अमिल्कारनं मान वळवली आणि पहिला सूर ओढला.

तिनं हात काढला नाही. तसंच उभं राहून तिनं सुरुवात केली, पुरुषाच्या शब्दांत, एकही न बदलता.