तळ्याचा गाळ आणि मामांचा बाण

तळ्याच्या तळातला गाळ लांब नळीत भरून आणायचा, त्यातले परागकण थराथराने मोजायचे, आणि कुठल्या काळी पाऊस किती होता, माणसं किती होती, ते सांगायचं, हा मोजणीबाईंचा उद्योग. आठ महिने त्या एकाच नळीपुढे मान मोडून बसल्या होत्या. त्यांची नेमणूक सोमवारी संपत होती. वाढ मिळणार की नारळ, हे सरांच्या सहीवर होतं.

सर भलतेच खुशीत होते. नळीच्या तळाशी, म्हणजे जुन्या काळी, शेतं, चुलींची राख, कोरडी हवा. वर येईल तसतसं दाट रान आणि धो धो पाऊस. सरांना माणसांचा मुळातच कंटाळा. "माणसं टळली आणि पाऊस आला!" असं ते भेटेल त्याला ऐकवत. चार वाजता भरसभेतही तेच ऐकवणार होते.

साडेतीनला बाईंनी सगळ्यात खालचा, पाच हजार वर्षांपूर्वीचा थर चिमट्याने उकलला. आतून चॉकलेटचा चकचकीत कागद निघाला.

हा कागद पाच हजार वर्षं जुना असणं शक्य नव्हतं; म्हणजे नळीचं हे खालचं टोक खरं तर वरचं होतं. त्या तडक भांडारात, नळ्या सांभाळणाऱ्या मामांकडे गेल्या.

"मामा, ही नळी उलटी कुणी ठेवली?"

"मीच की! जड बाजू वर, सारखी कलंडायची. म्हणून ती खाली घेतली."

"अहो, पण वरची बाजू दाखवणारा बाण?"

"तो खाली तोंड करून बसला ना! मग काढला आणि नवा लावला, वर तोंड करून. अर्धवट काम आपल्याला जमत नाही, बाई."

बाईंना हसावं की रडावं कळेना. गप्प बसलं तर सही पक्की होती. पण आठ महिने मोजलेले ते कण आता पोटच्या पोरांसारखे झाले होते. त्यांच्या तोंडी खोटं घालणं बाईंच्या जिवावर आलं. त्या धावत सभागृहात गेल्या आणि सरांना पडद्यामागे ओढलं.

"सर, सगळं उलटं आहे. आधी रान होतं. मग पाऊस आटला, तळं आक्रसलं, काठ उघडा पडला. त्या काठावर शेती करायला माणसं आली आणि उरलंसुरलं रान त्यांनी तोडलं."

सर मटकन खुर्चीत बसले. "बरं, आणि गेली कधी?"

"गेलीच नाहीत. राख पार वरपर्यंत आहे. तिच्यावर चॉकलेटचा कागद."

"एवढं कोरडं पडूनही?"

सरांनी पडदा बाजूला केला. सभागृहातले पंखे बंद पडले होते. दोनशे माणसं घामाने निथळत, कागदांनी वारा घेत बसली होती. एकही उठलं नव्हतं.

"चिकट जात आहे," सर हळूच म्हणाले. आवाजात चक्क कौतुक होतं. "जा, तुम्हीच सांगा. मला हे हसू न येता सांगता येणार नाही."

बाईंनी सांगितलं. टाळ्या पडल्या. सरांनी तिथल्या तिथे नेमणुकीच्या कागदावर सही ठोकली, पण घाईत कागद उलटा धरून.

बाई तो घेऊन मामांकडे गेल्या. "मामा, याला एक बाण लावून द्या. आणि या खेपेला मला विचारून."