मनुबाईनं न सांगितलेली जागा

मित्रांनो, पाटणजवळच्या डोंगरउतारावरचं मी एक जुनं वारूळ. बांधलं वाळवीनं, पण नाव झालं नागाचं! नागपंचमीला बायका हळदकुंकू लावतात, लाह्या वाहतात. खरं सांगायचं तर माझ्यात नाग कधी राहिलाच नाही.

माझ्या पोटात शेती आहे. वाळवी पालापाचोळा चावून आणते आणि त्यावर बुरशी पिकवते. पावसाळ्यात त्याच बुरशीची अळंबी माझ्या अंगातून वर येते. तिच्या कालवणापुढं मटण मागं पडतं, असं इथले लोक म्हणतात.

नागाच्या भीतीनं एरवी कुणी इकडं फिरकायचं नाही, म्हणून इथं अळंबी उगवते हे गावातल्या एकट्या मनुबाईला ठाऊक होतं. आमच्याकडे अळंबीची जागा पोटच्या लेकरालाही सांगत नाहीत. पदराखाली बुट्टी, म्हणजे टोपली, झाकून ती यायची. वाटेत कुणी विचारलं तर "शेनाला चाललीया" म्हणायची. मोठी बेरकी बाई! पण थोड्या अळंब्या ती कायम मागं ठेवायची, म्हणून माझा तिच्यावर जीव होता. पुरत्या उमललेल्या छत्रीखालून बारीक भुकटी उडते. तेच आमचं बी. नव्या वारुळाची वाळवी ते गोळा करून नेते. तिथं दुसऱ्या वारुळाच्या बियाशी त्याचा जोड जमतो आणि नवं वाण जन्मतं. सगळीकडे एकच वाण उरलं, तर एकाच रोगानं सगळ्यांचा निकाल लागेल.

गेल्या वर्षी मनुबाईचा मुलगा धैर्यशील फौजेतून सुट्टीवर आला. वाळवीनं नव्या घराची चौकट खाल्ली होती. तो रागानं औषधाचा कॅन घेऊन माझ्यापाशी आला. झाकण उघडलं, उग्र वास सुटला आणि माझा धीरच गेला. तेवढ्यात मनुबाई धापा टाकत आली.

"वतू नगंस."

"का? नाग हाय म्हनून?"

"नाग न्हाई रं. ल्हानपनापास्नं आळंबी खातुयास, ती हितली हाय."

धैर्यशीलनं कॅन खाली ठेवला. "मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"न्हाई बोलले. म्हनून तर आज तू इख घिऊन आलास."

त्यानं झाकण लावलं.

यंदा दोघं मिळून आली. बुट्टी भरत आली तरी धैर्यशीलचा हात थांबेना. मनुबाईनं त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दी. त्या वारुळाच्या हायेत."

मित्रांनो, अनोळखी छत्री तोंडात घालू नका. जाणत्या माणसाला विचारा. आणि जागा सापडली, तर थोड्या अळंब्या उमलू द्या. लाह्या नाही वाहिल्यात तरी चालेल. हळदकुंकू पहिल्या सरीत धुऊन जातं. मागं ठेवलेली अळंबी मात्र पुढच्या वारुळापर्यंत पोचते.