भिंतीपलीकडचा ऑरिन

लव्हॉनने पर्समधून पिस्तूल काढून बंदुकांच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. दुकानदार ट्वायलाने आधी ते रिकामं केलं, मग एक काडतूस उजेडात धरलं.

"मिस लव्हॉन, ही हार्लनकाकांच्या वेळची ना? पितळ हिरवं पडलंय हो."

"त्यानेच भरलेली आहेत. असू देत."

"असू देत काय! लोणचं आहे का मुरायला?"

ट्वायलाच्या वडिलांच्या काळात या दुकानात लोखंडी शेगडीभोवती खुर्च्या असत. लव्हॉनचा नवरा हार्लन तिथे कोणती गोळी चांगली यावर तासन्‌तास वाद घालत बसायचा, आणि लव्हॉन बाहेर गाडीत शेंगा सोलत चिडायची. आता त्या वादातला एकही माणूस उरला नव्हता. तीच तेवढी गोळ्या घ्यायला आली होती.

"मला भिंतीतून न जाणारी गोळी दे," ती म्हणाली.

"कुठली भिंत?"

"ऑरिनची."

एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधे पातळ भिंत. पलीकडे म्हातारा ऑरिन एकटाच. दोघांचं बोलणं टोमॅटो आणि पाऊस यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात संध्याकाळी कुणीतरी तिच्या दाराची मूठ हलवली. शेरीफची पोलीसगाडी यायची तर डोंगराला वळसा घालून, फार उशिरा. दार ऑरिनच्या भिंतीला लागूनच; लव्हॉनने पलंगावर बसूनच त्यावर तिरपं पिस्तूल रोखलं. खिडकीतून दिसलं, ओट्यावरून एक रॅकून, मांजराएवढं रानजनावर, उडी मारून पळाला. तिने श्वास सोडला, आणि नळीच्या अगदी समोर, भिंतीआड, ऑरिन खोकला. तिने नळी झटकन खाली केली.

"पोकळ तोंडाची गोळी म्हणे आत जाऊन फुलते आणि थांबते," ती म्हणाली. "तीच दे."

ट्वायलाने दोन्ही प्रकारच्या गोळ्या उचलल्या. "मागे चला," ती म्हणाली.

दुकानामागे मातीच्या बांधापुढे तिने घराच्या भिंतींना लावतात त्या जिप्सम बोर्डाचे दोन तुकडे उभे केले आणि त्यामागे पाण्याने भरलेला दुधाचा प्लास्टिकचा कॅन. कानांवर झाकणं चढवून लव्हॉनने हार्लनची गोल डोक्याची गोळी झाडली. मनगटात कळ गेली. कॅन फुटला.

"आता ही. हलकी आहे, हाताला झेपेल."

पोकळ तोंडाच्या गोळीचा धक्का खरंच कमी होता. दुसरा कॅनही फुटला.

"फसवी आहे मेली!" लव्हॉन म्हणाली.

"फसवी नाही. अंगात शिरली तर फुलते. भिंतीच्या भुकटीने तिचं तोंड बुजतं, मग ती जाते सरळ. माणसाला थांबवणारी कुठलीही गोळी या भिंतीला जुमानत नाही." ट्वायलाने भिजलेला कॅन उचलला. "पलंग कुठे आहे तुमचा?"

"धुराड्याच्या कोपऱ्यात. हार्लनला थंडी वाजायची ना."

"तिथून दाराकडे तिरपा नेम धरला की पुढे ऑरिनकाका. पलंग त्यांच्या भिंतीला लावा. मग दारापलीकडे नुसता डोंगर."

"तो कोपरा हार्लनचा आहे गं."

ट्वायलाने हलक्या काडतुसांची पेटी तिच्या हातात ठेवली. "पिस्तुलात घालायला या घ्या. जुनी इथे ठेवून जा. बाकीचं तुम्ही ठरवा."

जुनी काडतुसं मागे सोडताना लव्हॉनने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन ती कितीतरी वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिली. हार्लनच्या बाजूला गादीत अजून खळगा होता. मग तिने पलंगाच्या पायांखाली जुन्या चादरी सारल्या आणि पलंग ढकलायला लागली; दम लागला की थांबायची. धुराड्याजवळ फरशीचा एक चौकोन नवा कोरा निघाला. उन्हाळ्याचा उजेड अजून खिडकीत होता, तोवर पलंग ऑरिनच्या भिंतीला टेकला. तिने उशीवरून दाराकडे बोट रोखून पाहिलं. ओटा, मग डोंगर. मधे कुणी नाही.

ती आडवी झाली. कानाशीच पलीकडच्या रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू होता. तो बंद झाला. ऑरिन खोकला, खाट करकरली, आणि तो रोजच्या सवयीने बोलावं तसं हलकेच बोलला, "झोप आता, मर्ना."

ऑरिनच्या बायकोला, मर्नाला, जाऊन किती वर्षं झाली! तिच्या दफनानंतरच्या जेवणाला लव्हॉनने हॅम, डुकराचं भाजलेलं मांस, नेलं होतं.

तिने भिंतीवर तळवा टेकला. ठोठावावं असं वाटलं. पण मग त्याला कळलं असतं की आपलं ऐकू जातं, आणि तो बोलायचाच थांबला असता.

तिने हात मागे घेतला. समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत, ओठ जेमतेम हलवत, ती म्हणाली, "झोप आता, हार्लन."